गाडीत झोप कुणाला लागते? : एमजी टीसी आणि एमजी हेक्टर

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी विचारलं की सर, तत्त्वज्ञानाच्या मालिकेत मोटारी कुठून आल्या? मी म्हटलं, मिलिंद राजा रथात बसून आला होता ना, तिथूनच. ते उदाहरण आज लागणारच आहे, तर आधी तेच सांगून टाकतो.

राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक मिनँडर, भिक्खू नागसेनाला भेटायला येतो. नागसेन त्याला सांगतो की मला लोक नागसेन म्हणतात, पण ते केवळ नाव आहे. त्याच्यामागे कायम टिकणारा असा कुणी शोधलात तर सापडणार नाही. राजाला हे पटत नाही. मग नागसेन विचारतो, आपण पायी आलात की वाहनाने? रथाने. बरं, मग रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ? नाही. चाकं? नाही. जू? नाही. हे सगळं सोडून वेगळं काही? तेही नाही. मग तुम्ही रथाने आलात हे खरं की खोटं? शेवटी राजाच म्हणतो, या सगळ्या भागांच्या आधाराने 'रथ' हे नाव चालतं. नागसेन म्हणतो, माझंही तसंच.

आता हाच प्रश्न 'एमजी' या नावाला विचारू. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमधला विल्यम मॉरिस यांचा मोटारी विकण्याचा, दुरुस्त करण्याचा धंदा. तिथे १९२२ साली सेसिल किंबर व्यवस्थापक झाले आणि मॉरिसच्या साध्यासुध्या गाड्यांवर वेगळ्या, देखण्या बॉड्या चढवायला लागले. अष्टकोनात एम आणि जी ही दोन अक्षरं, ते चिन्ह तेव्हाचं. १९२९ पासून कारखाना अ‍ॅबिंग्डनला. पुढे मॉरिस कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली, ती आणखी मोठ्या कंपनीत, १९८० मध्ये अ‍ॅबिंग्डन बंद, २००५ मध्ये एमजी रोव्हर दिवाळ्यात, चीनच्या नानजिंग कंपनीने ते घेतलं, नानजिंगला शांघायच्या सैक कंपनीने घेतलं, सैकने २०१७ मध्ये गुजरातमधला हालोलचा जनरल मोटर्सचा कारखाना घेतला, आणि जून २०१९ मध्ये तिथून 'एमजी हेक्टर' बाहेर पडली. आता त्या भारतीय कंपनीत जिंदलांचा जेएसडब्ल्यू समूहही भागीदार आहे. जागा बदलली, मालक बदलले, कामगार, यंत्रं, देश, सगळं बदललं. अष्टकोन राहिला.

आणि गंमत अशी की याची उलट बाजूही आहे. हेक्टर हीच गाडी चीनमध्ये 'बाओजुन ५३०' या नावाने आधी आलेली. इंडोनेशियात ती 'वूलिंग अल्माझ', आणि काही देशांत चक्क 'शेव्हरोले कॅप्टिवा'. म्हणजे एका नावाखाली कितीतरी वेगळ्या गाड्या आणि एका गाडीला कितीतरी नावं. नागसेनाला हालोलला नेलं असतं तर त्याला फार बोलावं लागलं नसतं. (हशा)

पण मला आज 'हेक्टर खरी एमजी आहे का' हा प्रश्न सोडवायचा नाही. जुन्या गाड्यांचे भक्त तो प्रश्न फार तावातावाने विचारतात आणि उत्तर आधीच ठरलेलं असतं. कंपनीनेही त्या भावनेवर धंदा केला. हेक्टरच्या जाहिरातीसाठी इंग्लंडहून बेनेडिक्ट कंबरबॅच यांना आणलं. गाडीचा आराखडा चीनचा, बांधणी पंचमहाल जिल्ह्यातली आणि आठवण इंग्लंडची. असो. मला ही जोडी घ्यायची आहे ती वेगळ्या कारणासाठी. एकच चिन्ह लावलेल्या दोन वस्तू, मधे पाऊणशे वर्षं, आणि दोघींची माणसाबद्दलची कल्पना पूर्ण निराळी. वस्तूची समीक्षा करायची म्हणजे माझ्या मते हेच बघायचं असतं, की ही वस्तू कुणाला गृहीत धरून बनवली आहे.

जुन्या बाजूने मी एमजी टीसी घेतो. १९४५ च्या अखेरीला सुरू झाली, १९४९ ला थांबली. सुमारे दहा हजार गाड्या बनल्या. युद्ध संपलेलं, इंग्लंड कंगाल, निर्यात कराल तर पोलाद मिळेल अशी अवस्था. म्हणून युद्धापूर्वीचीच गाडी थोडी रुंद करून पुन्हा काढली. त्यातल्या दोनेक हजार अमेरिकेत गेल्या, आणि त्यासुद्धा उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्याच, कारण टीसी दुसरी बनवलीच नाही. तिथे तिने अक्षरशः वेड लावलं. कॅरोल शेल्बी, फिल हिल यांच्यासारख्या पुढे नाव काढलेल्या अमेरिकन शर्यतपटूंनी सुरुवातीच्या काळात टीसी पळवलेली आहे. इंग्लंडच्या राणीशी लग्न होण्याआधी प्रिन्स फिलिप यांच्याकडे टीसी होती.

काय होतं त्या गाडीत? १२५० सीसीचं इंजिन, ताकद चोपन्न अश्वशक्ती. बॉडीचा सांगाडा अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाचा, त्यावर पत्रा. म्हणजे ही गाडी निम्मी सुतारकामाची. तारांची एकोणीस इंची चाकं, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पुढेमागे पाटे, आणि पाटे म्हणजे आपल्या ट्रकला असतात तसलेच, फक्त लहान. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, त्यामुळे चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर ते कसब. समोरची काच मोडून बॉनेटवर आडवी करता येते. पेट्रोलचा काटा नाही. टाकी रिकामी होत आली की एक दिवा लागतो. किल्ली फिरवली की पंपाचा टक्-टक् आवाज येतो, तो थांबला की समजायचं पेट्रोल पोचलं.

एक बारकावा मात्र मला सगळ्यात बोलका वाटतो. चालवणाऱ्याच्या समोर जी मोठी तबकडी आहे ती वेगाची नाही. ती इंजिनाच्या फेऱ्यांची. वेगाची तबकडी शेजारी बसणाऱ्यासमोर. कुणी म्हणेल ही फक्त मांडणी आहे. मला वाटतं, हे एक विधान आहे. चालवणाऱ्याचं नातं यंत्राशी. यंत्राला किती त्रास होतोय हे त्याने बघायचं. आपण जगाच्या हिशेबात किती जोरात चाललोय, ही काळजी दुसऱ्याची.

पुण्यातल्या एका परिचितांकडे टीसी आहे. त्यांनी एकदा सकाळी सहाला मला पाषाणच्या बाजूला फिरवून आणलं. काच आडवी केलेली. डोळ्यांत धूळ, कानात वारा, धोतर नेसलो नव्हतो ही देवाची कृपा. (हशा) ते मधेच ओरडून विचारायचे, "किती?" मी तबकडी बघून ओरडायचो, "चाळीस!" चाळीस मैल हं, किलोमीटर नव्हे. दोनतीनदा असं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की या गाडीत मी प्रवासी नव्हतोच. मला काम होतं. वळणावर त्यांच्या बाजूला झुकायचं, खड्डा दिसला तर हात दाखवायचा, वेग वाचून सांगायचा. त्या अर्ध्या तासात माझं लक्ष एकदाही दुसरीकडे गेलं नाही. वयाची सत्तरी उलटल्यावर असा अर्धा तास मिळणं काय असतं, ते इथे बसलेल्या काहींना सांगायला नको.

म्हणजे टीसीच्या बाजूने जे म्हटलं जातं ते खोटं नाही. आल्बर्ट बोर्गमन नावाचे एक विचारवंत होते, जर्मनीत जन्मलेले, अमेरिकेत मोंटानाला शिकवायचे. १९८४ च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी 'वस्तू' आणि 'साधन' असा भेद केला आहे. वस्तू तुमच्याकडून काही मागते: कसब, वेळ, सोबत. साधन काहीच मागत नाही, ते फक्त फळ देतं आणि ते कसं दिलं ते झाकून ठेवतं. त्यांचं उदाहरण शेगडीचं. घरात लाकडाची शेगडी असते तेव्हा कुणी लाकूड फोडतो, कुणी आणतो, कुणी पेटवतो, सगळे तिच्याभोवती जमतात. केंद्रीय उष्णतायंत्र आलं की ऊब तेवढी उरते. बाकीचं सगळं भिंतीत जातं.

आपल्याकडे हेच बंब आणि गिझरचं. तांब्याचा बंब, त्याची राख काढायची, ढलप्या टाकायच्या, पहाटे पेटवायचा. आणि मग त्या धुराचा वास असलेलं कढत पाणी. माझ्या पिढीतले लोक त्या पाण्याबद्दल काय हळवे होतात! पण मी नेहमी विचारतो, की बंब कोण पेटवायचं? आमच्या घरी आई पेटवायची, साडेचारला उठून. बंबाचं कौतुक मी आंघोळ करणाऱ्यांकडूनच ऐकलं आहे. पेटवणाऱ्या बायकांनी गिझर आल्यावर एक दिवसही शोक केलेला मला माहीत नाही. बोर्गमन यांचं विश्लेषण मार्मिक आहे, पण वस्तू जे 'मागते' ते घरातल्या नेमक्या कुणाकडून मागते, हा प्रश्न त्यांच्या त्या शेगडीशी पुरेसा बसत नाही.

टीसीलाही तोच प्रश्न विचारायचा. ती दोघांचं अवधान मागते, ठीक. पण गाडी दोघांचीच आहे. तिसऱ्याला जागा नाही. मूल नाही, म्हातारी आई नाही, सामान जवळजवळ नाही. त्या दोघांनी धोका स्वखुशीने पत्करला आहे, असंही धरून चालू. त्या गाडीत सीटबेल्ट नाहीत; तीन बिंदूंचा पट्टा व्होल्वोने आणला तो १९५९ मध्ये. अपघातात पुढचा भाग चुरगळून धक्का पिऊन टाकेल अशी बांधणीही मर्सिडीझने त्याच वर्षी बाजारात आणली. टीसीत स्टिअरिंगचा दांडा सरळ तुमच्या छातीवर रोखलेला. चालवणारा तरुण आहे, निष्णात आहे, आणि चुकला तर किंमत मोजायला तयार आहे. पण रस्त्याने चालणारा? त्याने कुठे सही केली होती?

किंबर यांच्या एमजीचं घोषवाक्य होतं 'सेफ्टी फास्ट'. सुरक्षितही आणि वेगवानही. त्या काळी सुरक्षितपणा म्हणजे गाडी चपळ असणं, ब्रेक-स्टिअरिंग वेळेवर साथ देणं, म्हणजे अपघात टाळण्याची क्षमता. अपघात झालाच तर काय, हा विचारच त्या घोषणेत नाही. आणि नियती पाहा. किंबर यांना १९४१ मध्ये एमजी सोडावी लागली, आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात ते एका आगगाडीत बसले असताना, इंजिनाची चाकं चढावर घसरली, गाडी हळूहळू मागे घरंगळली आणि डबा उलटला. दोनच माणसं गेली, त्यातले एक किंबर. गाडीला फारसा वेगही नव्हता. ते काही चालवत नव्हते. ते नुसते बसले होते.

नुसतं बसलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न कौटुंबिक गाडी विचारते. म्हणून मी तिच्याकडे आदराने बघतो.

हेक्टरचे आकडे चटकन सांगतो, कारण त्यात गंमत आहे. दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद १४३ अश्वशक्ती. वजन टीसीच्या दुपटीच्या आसपास. तरीही सरळ रस्त्यावर ही पोरंबाळं आणि लोणच्याच्या बरण्या भरलेली गाडी त्या स्पोर्ट्स कारला सहज मागे टाकेल. टीसीचा कमाल वेग ताशी पंचाहत्तर मैलांच्या थोडा पुढे, म्हणजे १२० किलोमीटरच्या आसपास. आणि आपल्याकडे जुलै २०१९ च्या नियमांनी प्रत्येक नव्या मोटारीला वेगाची घंटी सक्तीची केली: ऐंशीला अधूनमधून वाजणार, एकशेवीसच्या पुढे सतत. म्हणजे जिथे टीसीचं सामर्थ्य संपायला येतं तिथे हेक्टरची नुसती तक्रार सुरू होते. तेव्हा 'स्पोर्ट्स कार वेगासाठी' हे निदान आज तरी खरं नाही. वेगाची जाणीव आणि वेग, यांची तिथे फारकत झालेली आहे. टीसीत चाळीस मैलांना जीव मुठीत येतो. आजच्या गाडीत शंभरला चहा पिता येतो.

आता मी माझी कसोटी मांडतो. गाड्यांची तुलना मायलेजवर, आरामावर, 'आत्मा' आहे की नाही यावर करतात. आत्म्याबद्दल तर नागसेनाने आपल्याला सांगूनच ठेवलं आहे. माझी कसोटी अगदी घरगुती आहे: गाडीत झोप कुणाला लागते?

टीसीत कुणालाच लागत नाही. लागूच शकत नाही. कौटुंबिक गाडीची व्याख्या मात्र मी अशी करीन, की जिच्यात एक सोडून सगळ्यांना झोपता येतं ती. ही थट्टा नाही. झोप म्हणजे काय? आपलं अवधान आपण दुसऱ्याच्या हाती ठेवतो. एसटीत, रेल्वेत अनोळखी माणसाच्या भरवशावर झोपतो, तो भाग वेगळा. घरच्या गाडीत आपण ज्याच्या भरवशावर झोपतो त्याचं नाव आपल्याला माहीत असतं. चार वर्षांचं मूल शिरवळच्या आत मान टाकतं, तेव्हा त्याने बापावर जो विश्वास टाकलेला असतो तसा शाळेत, देवळात, कुठेच आपल्याला बघायला मिळत नाही. आणि त्या विश्वासाला लायक राहण्यासाठी गाडीने पुष्कळ करावं लागतं. पट्टे, एअरबॅग, चुरगळणारा पुढचा भाग, लहान मुलाचं आसन अडकवायच्या कड्या. हे सगळं झोपलेल्या माणसासाठी आहे. जागा माणूस निदान हात पुढे करतो, झोपलेला तेवढंही करू शकत नाही.

आपण मात्र यातलं बरंच वाया घालवतो. मागे बसलं की पट्टा नको, ही आपली जुनी खोड. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, त्या गाडीत मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी महागातली, सगळ्या सोयींची. मागचा पट्टा कायद्याने केव्हाचाच सक्तीचा होता. चार दिवस चर्चा झाली. परवा मी एका लग्नाला गेलो होतो, मागच्या सीटवर पट्ट्याचं कुलूप शोधायला लागलो तर शेजारचे गृहस्थ म्हणाले, "अहो काका, पुढच्यांनी लावला की झालं." कुलूप सीटच्या फटीत खोल गेलेलं होतं, काढायला पाच मिनिटं लागली. पण काढलं.

तेव्हा ज्यांना वाटतं की जुन्या गाडीत जीव होता आणि नवी गाडी म्हणजे चाकांवरचा फ्रिज, त्यांना माझं सांगणं असं की तुम्ही फक्त चालवणाऱ्याच्या जागेवरून बोलताय. मागच्या सीटवरून बघा. दोनाची पाच माणसं झाली, हा कल्पनेतला मोठा विस्तार आहे. टीसी 'तू काय करू शकतोस' एवढंच विचारते. ज्या गाडीत म्हातारे आणि मुलं बसतात ती 'तुझ्याबरोबर कोण आहे' असं विचारते. नीतिशास्त्र शिकवताना मी आयुष्यभर हा दुसरा प्रश्न जड मानला. गाडीच्या बाबतीत बदलण्याचं काही कारण दिसत नाही.

पण माझ्या व्याख्येत 'एक सोडून' हे दोन शब्द आहेत, आणि माझी खरी तक्रार तिथे आहे.

तो एक कोण? जो झोपत नाही. त्याच्यासाठी आजच्या गाडीने काय केलं? हेक्टर आली तेव्हा तिचं सगळ्यात मोठं कौतुक इंजिनाचं नव्हतं की ब्रेकचं नव्हतं. मधोमध उभा १०.४ इंची पडदा, गाडी इंटरनेटला जोडलेली, 'हॅलो एमजी' म्हटलं की गाडी ऐकते, छताची काच उघडते. एसीसारख्या रोजच्या गोष्टीही बऱ्याचशा त्या पडद्याच्या पोटात. २०२३ मध्ये गाडी नव्याने सजवली तेव्हा पडदा १४ इंची झाला. आणि नेमकं त्याच वेळी वरच्या मॉडेलमध्ये दुसरी एक सोय आली: गाडी पट्टा सोडून भरकटली तर इशारा, पुढच्या गाडीपासून आपोआप अंतर, वेळ आली तर आपोआप ब्रेक.

दोन्ही एकत्र वाचा. एका हाताने चौदा इंचांचं आमिष आणि दुसऱ्या हाताने, बघ हं, लक्ष गेलं तर मी आहे. एखाद्या घरात जेवताना टीव्ही लावायचा आणि मुलाला ठसका लागेल म्हणून पाठीशी माणूस उभा करायचा, त्यातला प्रकार. मी या आपोआप ब्रेकच्या विरुद्ध मुळीच नाही. माणसाचं लक्ष जाणारच, प्रमाद हा आपला स्वभाव आहे, बुद्धाने त्यासाठीच तर अप्रमादावर एवढा भर दिला. प्रमादाची भरपाई करणारं यंत्र असावं. पण प्रमादाला आमंत्रण देणारं आणि त्याची भरपाई करणारं, दोन्ही एकाच डॅशबोर्डवर?

आमच्या जावयाची गाडी वेगळ्याच कंपनीची आहे, नाव सांगत नाही, पण त्याच कुळातली. आम्ही कोल्हापूरला निघालो होतो. नात झोपली, मागोमाग तिची आजी. नातीला गार वाटेल म्हणून जावईबापूंनी एसी कमी करायला घेतला. जुन्या गाडीत ते न बघता, गोल खटका बोटाने चाचपून झालं असतं. इथे आधी पडद्यावर नकाशा होता, तो बाजूला सारायचा, मग पंख्याचं चिन्ह, मग आकडा. दोन-तीन सेकंद. ताशी ऐंशीने गाडी एका सेकंदाला बावीस मीटर जाते. म्हणजे झोपलेल्या मुलीच्या काळजीपोटी, तिच्या बापाने पन्नासेक मीटर रस्ता बघितलाच नाही. तो निष्काळजी नाही हो. अतिशय सावध मुलगा आहे. त्याच्या सावधपणाला जाणारी वाट पडद्यामधून काढली होती, एवढंच. मी मग म्हटलं, मला सांगत जा, मी दाबतो. पुढच्या सीटवर मी होतो, आणि खंबाटकी चढताना माझ्या लक्षात आलं की मी परत पाषाणच्या त्या टीसीतलंच काम करतोय.

टीसीकडून शिकायचं असेल तर हे शिकायचं. लाकडी सांगाडा नको, काच आडवी नको, पाटे तर अजिबात नकोत, माझ्या मणक्यांचा त्याला विरोध आहे. पण त्या गाडीने जागणाऱ्या माणसाचा मान राखला होता. त्याला जे लागतं ते त्याच्या हाताला, बोटाला, कानाला कळेल असं दिलं होतं. पंपाची टक्-टक् कानाला. तीस मैलांची शहरातली मर्यादा इंग्लंडने १९३५ मध्ये आणली तर डॅशबोर्डवर तेवढ्यापुरता एक लहानसा दिवा. एक दिवा! बाकी डोळे रस्त्यावर. त्यात गोष्टी कमी होत्या हे गरिबीमुळे, मान्य. पण वहीत जागा कमी असली की माणूस मुद्द्याचं लिहितो, तसं काहीसं त्या डॅशबोर्डचं झालं आहे.

आणि हे परत आणणं अशक्य नाही. एसीला खटका, आवाजाला खटका, पुसणीला दांडी, धोक्याच्या दिव्यांना बटण. हा काही रोमँटिक आग्रह नाही, शंभर-दोनशे रुपयांच्या प्लास्टिकच्या तुकड्यांचा प्रश्न आहे. पडदा असू द्या. तो शेजारी बसणाऱ्यासमोर सरकवा, टीसीच्या वेगाच्या तबकडीसारखा. आपण गिऱ्हाइकांनी मात्र शोरूममध्ये जाऊन पडदा किती इंची हे पहिलं विचारायचं आणि मग तक्रार करायची, हेही बरोबर नाही. गाडी बघायला जाल तेव्हा डोळे मिटून चालवायच्या जागेवर बसा, गाडी उभी असताना अर्थात, आणि एसी, काच, वायपर, दिवे हाताला सापडतात का बघा. विक्रेता घाबरेल, घाबरू दे. मग मागे जाऊन मधल्या सीटचा पट्टा ओढून बघा. आमच्याकडे या दोन परीक्षांत तीन गाड्या बाद झाल्या, चौथीला थांबलो.

वेळ संपली असं खूण करून सांगताहेत. प्रश्न असतील त्यांनी हात वर करा, माइक मागून पुढे येऊ दे; मागच्यांना नेहमी शेवटी मिळतो.